सूचना : उद्याची गायन-अभिवाचन बैठक, वेळ पाळावी
मंडळी, उद्या रविवारी संध्याकाळी बरोबर सहाला आपली बैठक, ठाण्याच्या नौपाड्यातल्या नेहमीच्या हॉलमध्ये. या वेळी उशीर नकोच. सुरुवात मारव्याने आहे. दिवेलागणीचा राग, साडेसातला ऐकण्यात ती हुरहूर राहत नाही. मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’ हा स्वर, वर्ज्य; म्हणून एरवी पंचमात असणारी तानपुऱ्याची पहिली तार निषादात (‘नी’ स्वरात) लावतात. ती जुळत असताना दार करकरलं, चपला वाजल्या की गाणाऱ्याची तंद्री मोडते; मागच्या खेपेला तसं झालं, फार वाईट वाटलं.

मग कवितावाचन, शेवटी यमन राग. वाचणाऱ्यांनी साडेपाचला यावं, माइकवर एकदा वाचून बघू. कविता कागदावर मोठ्या अक्षरात आणा, मोबाइलवरून नको. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या आहेत. राम मारुती रोडला गाडी लावायला जागा मिळणं कठीण, स्टेशनवरून चालत या.