रोपे मोजा, पण दुसऱ्या उन्हाळ्यानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरात किती हजार रोपे लावली, कोणत्या जातीची, कोणाच्या हस्ते, हे आपल्या पानांवर वरचेवर छापून येते. कमी पावसाच्या प्रदेशात मी बरीच वर्षे उद्यानविद्या शिकवली. त्यामुळे अशा बातमीत माझी नजर आकड्याआधी फोटोतल्या खड्ड्याकडे जाते. खड्डा गोल आणि कडा घोटून गुळगुळीत झालेल्या दिसल्या की जीव खट्टू होतो. चिकणमातीत अशा भिंतीला मुळे अडतात आणि कुंडीत असल्यासारखी आतल्या आत फिरत राहतात.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन एका रस्त्याच्या दुभाजकावर गेले होते. लागवडीला वर्षही झाले नव्हते आणि निम्मी रोपे वाळली होती. एक रोप धरून ओढले तर ते एका हाताने वर आले. मुळे पिशवीच्या आकारातच वेटोळे घालून बसलेली. दुसरे उपटले, त्याला तर पिशवीही तशीच होती. बुंधा चार बोटे मातीखाली गाडलेला. मग लोखंडी सळई आळ्यात खुपसली. वरची दोन बोटे ओल, त्याखाली माती ठणठणीत कोरडी. नोंदवहीत टँकर रोज आल्याची नोंद होती आणि ती खोटी नव्हती. माणूस रोज यायचा, प्रत्येक आळ्यावर नळी क्षणभर धरायचा आणि पुढे जायचा. त्याला तेवढेच सांगितलेले होते.

शेतकऱ्याला वाफसा शिकवावा लागत नाही. मातीच्या पोकळ्यांत ओलही आहे आणि हवाही आहे, ही स्थिती तो मूठभर माती दाबून ओळखतो. शहरातल्या बागकामात हा शब्दच हरवला आहे. रोज थोडे पाणी दिले की मुळे वरच्या थरातच राहतात आणि तोच थर उन्हात आधी तापतो. शिवाय कोरड्या हवेत पाणी उडून जाते, त्यातले क्षार मागे उरतात. आळ्यावर जो पांढुरका पापुद्रा धरतो तो हाच. त्यापेक्षा दिवसाआड नव्हे, चांगल्या अंतराने, पण खोलवर मुरेल असे भरपूर पाणी द्यावे. क्षारही मुळांच्या खाली धुऊन जातात. झाड वाढेल तसे आळे फांद्यांच्या घेराबरोबर बाहेर सरकवावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे खोडाशी नसतात. वर चार बोटे पालापाचोळ्याचे आच्छादन, तेही खोडाला न टेकवता. यात नवे काहीच नाही. मटका सिंचन तर किती जुने आहे! मातीचा मटका गळ्यापर्यंत पुरायचा, भरून झाकायचा. माती कोरडी पडेल तसे पाणी आपोआप पाझरते.

संशोधन होत नाही असेही नाही. ‘झेरीस्केप’ हा शब्द अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये काढला, कमी पाण्याच्या बागेसाठी. लास वेगासच्या परिसरात दक्षिण नेवाडाच्या जल प्राधिकरणाने घरोघरी वेगळी मीटर बसवून मोजले आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. हिरवळीला चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे २,९७० लिटर पाणी जात होते, रुक्ष हवामानातल्या झाडाझुडपांच्या बागेला सुमारे ७००. पुढे २०२१ मध्ये नेवाडा राज्याने कायदाच केला: कोणी पाय ठेवत नाही अशा नुसत्या शोभेच्या हिरवळीला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी मिळणार नाही. स्वतंत्र घरांची अंगणे यातून वगळली आहेत.

पण इथेच प्रत्यक्ष काम करणाऱ्या माळ्याचे अपुरे शिक्षण आडवे येते. हिरवळीतले मोठे झाड वर्षानुवर्षे हिरवळीच्याच पाण्यावर जगलेले असते. हिरवळ काढून खडी पसरली आणि फवारे बंद केले की ते झाड मुकाट्याने वाळायला लागते. त्याला वेगळी ठिबक नळी हवी, तीही खोडाशी नव्हे, घेराच्या कडेला. हे पाणी वाचवणाऱ्या अधिकाऱ्याला नसेल ठाऊक. माळ्याला ठाऊक असायलाच हवे.

जातींची निवडही तशीच. ‘जलद वाढणारे, सदाहरित’ असे प्रस्तावात लिहिले की मंजुरी लवकर मिळते. कोनोकार्पस हे परदेशी झाड असेच शहरोशहरी पसरले आणि २०२३ मध्ये गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. कोरड्या मुलखातली कित्येक झाडे पाणी वाचवायला पाने गाळतात. ती त्यांची काटकसर. आपण मात्र पर्णहीन झाड पाहिले की ते मेले असे समजतो. कोणी त्याला पाण्यात बुडवतो, कोणी कुऱ्हाड लावतो.

मेलबर्नजवळ बर्नली येथे उद्यानविद्येची शाळा १८९१ मध्ये सुरू झाली. आज ती मेलबर्न विद्यापीठाचा भाग आहे. तिथे संशोधक पालिकेबरोबर देशी झुडपे दाट लावून, जमिनीलगत छाटून, पुन्हा फुटवे घेण्याचे प्रयोग रस्त्याकडेच्या जागांवर करतात. जोधपूरला शुष्क प्रदेशासाठीची केंद्रीय संशोधन संस्था १९५९ पासून आहे. म्हणजे ज्ञान आहे, पण ते दुभाजकावर नळी धरणाऱ्यापर्यंत जात नाही. निविदेत रोपाची उंची लिहिलेली असते, मुळांबद्दल एक ओळ नसते. उंच रोपाला पाने जास्त, पिशवीत मुळे तोकडी, तेच आधी सुकते. ठेका वर्षाने संपतो, माणूस बदलतो.

दोष माझ्याकडेही आहे. मी कितीतरी वर्षे हिरवळीच्या सरळ कडेला गुण दिले. सळई विद्यार्थ्यांच्या हाती दिली ती नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत. आज अभ्यासक्रम ठरवायचा असता तर प्रत्येकाकडे एक रोप सोपवले असते: लागवडीआधी मुळे मोकळी करा, किती पाणी किती खोल गेले ते लिहा, दोन उन्हाळे काढा, मगच प्रात्यक्षिकाचे गुण. रोप मेले तर नापास नव्हे. ते उपटून कशाने मेले हे दाखवा.

आपल्याकडे एक विनंती आहे. लागवडीची बातमी छापाल तेव्हा तारीख नोंदवून ठेवा आणि दोन उन्हाळ्यांनी त्याच जागी वार्ताहर पाठवा. जाताना त्याच्याजवळ हातभर लांब सळई द्या.

आपली,
एक निवृत्त उद्यानविद्या शिक्षिका