लॉग वरून वाचायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. सांगलीच्या मार्केट यार्डात रात्रीच्या स्क्रिप्टवर (कॉम्प्युटरला ओळीनं दिलेल्या कमांडच्या यादीवर) विसंबलेलं आमचं एकच आडत दुकान नसणार. वाचून कुणाची एखादी सकाळ वाचली तर बरंच.

हळदीचा हंगाम ऐन भरात होता. दिवसभराचे सौदे, पोती, वजनं, हमाली, तोलाई हे सगळं रात्री स्क्रिप्टनं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढायचं आणि सकाळी शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) निघायच्या. त्या दिवशी एकही पट्टी निघेना. मेलच्या मथळ्यात ‘लोड यशस्वी’ आणि खाली लॉगचं, म्हणजे स्क्रिप्टच्या कामाच्या नोंदींचं, शेपूट, त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा: ‘करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड’ (चालू ट्रान्झॅक्शन रद्द झालंय). सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवरच निदान केलं की डेटाबेस करप्ट झालाय, नवा सर्व्हर घ्या. (त्यांचं कुठलंही निदान नव्या सर्व्हरवरच येऊन थांबतं.) दुकानात कुणी डिस्कवर संशय घेतला, कुणी नेटवर बिल फाडलं.

तुम्ही विश्रामबागेतून आलात आणि बसायच्या आधीच पूर्ण लॉग मागितलात. म्हणालात, “खंबाटकीत गाड्या तुंबल्या की शेवटच्या ड्रायव्हरला कारण विचारून काय कळणार?” ट्रान्झॅक्शन म्हणजे कमांडचा एक गठ्ठा, लागू झाला तर सगळा, नाहीतर काहीच नाही. त्यातली एक कमांड चुकली की पोस्टग्रेस पुढच्या सगळ्या कमांड न तपासताच नाकारतो, आणि शेवटी कमिट (सगळं कायम कर) लिहिलेलं असलं तरी रोलबॅकच (सगळं रद्द) होतो. म्हणजे ओरडणाऱ्या त्या शेकडो ओळींत खोट नव्हतीच. खरा एरर त्यांच्या वर, एकदाच आलेला, आणि आमच्या मेलमध्ये तो कधी पोचणारच नव्हता.

तो सापडला: ‘इनव्हॅलिड इनपुट सिंटॅक्स फॉर टाइप न्यूमरिक’, म्हणजे संख्येच्या रकान्यात संख्या म्हणून वाचता न येणारं काहीतरी, पुढे अवतरणात ६०५. मी म्हटलं, वजन तर बरोबर आहे! तुम्ही काही न बोलता त्यावर कर्सर नेऊन ठेवलात. आकडे देवनागरी होते. शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकलं आणि की-बोर्ड न बदलता तसंच वजनही टाकलं गेलं.

मग ‘यशस्वी’चा उलगडा. ऑन एरर स्टॉप (चूक आली की थांब) हे सेटिंग लावलं नसेल तर पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड पोचवणारा प्रोग्राम, चुकांवरून तसाच पुढे जातो आणि शेवटी एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, देतो. वर आमच्या स्क्रिप्टनं त्याचं आउटपुट पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) टेल या फक्त शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या कमांडला दिलेलं, म्हणजे तपासला जायचा तो कोडही टेलचाच! तुम्ही दोन्ही दुरुस्त केलंत. आता पहिल्याच चुकीला काम थांबतं, चूक सांगणारा कोड ३ येतो, आणि पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड चुकली तरी चूक कळवणारं सेटिंग) असल्यामुळे तो मेलपर्यंत पोचतो.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. मालक नोंदी करणाऱ्या पोरावर घसरले, तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. “मराठी आकडा लिहिणं गुन्हा आहे का? स्क्रिप्टला वाचता यायला पाहिजे.” आणि तसं करूनही दाखवलंत. कच्चा माल आधी सगळे रकाने टेक्स्ट असलेल्या टेबलात, तिथे ट्रान्सलेट फंक्शननं देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे, मग खऱ्या टेबलात. तरीही जे बसणार नाही ते नावानिशी वेगळ्या यादीत. पोरगं अजून तुमचं नाव काढतं.

पैशाचं पाकीट परत केलंत, भडंग तेवढं नेलंत. ठीक आहे, पण एक शंका उरलीय. बेदाण्याच्या सौद्यांची स्क्रिप्ट मी याच पद्धतीनं बदलतोय. तिथे वजन दशांशात येतं आणि काही जण टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतात. तो आपोआप बदलावा असं मालकांचं म्हणणं; मला ती नोंद यादीत टाकून माणसाला विचारलेलं बरं वाटतं, कारण हजाराचा स्वल्पविरामही तसाच दिसतो. तुमचं काय मत, कळवा.

आपला,
आडत दुकानातला कॉम्प्युटरवाला
मार्केट यार्ड, सांगली