पंचवटीतील वाइंडिंगवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांस,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे लिहायचे नाही, असे आपण बजावले असल्यामुळे ते येथे देत नाही; परंतु आभार मात्र चारचौघांत मानल्याशिवाय मला राहवत नाही.

फेंडर कंपनीच्या चॅम्प या छोट्या गिटार अॅम्प्लिफायरचे १९५० च्या दशकातील ५एफ१ हे सर्किट घरी बांधावे आणि त्यात मूळच्या ६व्ही६ व्हॉल्व्हऐवजी (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळीऐवजी) आपल्याकडच्या जुन्या रेडिओंत सापडणारा ईएल८४ बसवावा, एवढीच माझी इच्छा होती. ती ऐकून नाशकातल्या बहुतेक दुकानांत मला हसून वाटेला लावले गेले. एका कारागिराने आगाऊ रक्कम घेतली, कितीतरी दिवस 'उद्या या' म्हणून झुलवले आणि शेवटी व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ई आणि आय या इंग्रजी अक्षरांच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या एकाआड एक गुंफून दिल्या. एकाच व्हॉल्व्हच्या आउटपुटमध्ये प्रायमरीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडील वेटोळ्यातून, डीसी प्रवाह सतत एकाच दिशेने वाहतो आणि मध्ये फट नसेल तर कोअर, म्हणजे त्या पट्ट्यांचा लोखंडी गाभा, संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), हे त्याच्या गावीही नव्हते. गिटारच्या जाड तारांचा आवाज फाटतो आहे, हे सांगितल्यावर 'चालू तर आहे ना?' एवढेच उत्तर मिळाले.

आपण त्या माणसाविषयी एक अक्षरही वाईट बोलला नाहीत. साऱ्या पट्ट्या सोडवून ई एका बाजूला व आय दुसऱ्या बाजूला रचल्या आणि मध्ये कागदाची पातळ पट्टी सरकवली. मूळ सर्किटमध्ये प्लेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या धन टोकावर, तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि ईएल८४ ची मर्यादा ३०० आहे, म्हणून पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेसाठी नव्याने गुंडाळताना आपण प्लेटचा दाब अडीचशेच्या आसपास आणलात. कॅथोडचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऋण टोकाचा, ४७० ओहमचा रेझिस्टरही बदलून १५० चा लावलात.

मात्र माझ्या मनात घर करून राहिले आहे ते त्यानंतरचे. सिरीज बल्ब (बिघाड असल्यास प्रवाह आवरणारा दिवा) लावून वीज सुरू केल्यावर आपण मला डावा हात खिशात ठेवायला सांगितलेत, मीटरची पिन माझ्या हाती दिलीत आणि पेन स्वतः घेऊन म्हणालात, "तुम्ही मोजा, मी लिहितो." ज्यांचे उभे आयुष्य या कामात गेले, ते माझ्यासारख्या नवशिक्याचे लेखनिक होऊन बसले होते. कॅथोडवर साडेसात व्होल्ट आहेत, असे मी सांगताच आपण कागदावर त्याला १५० ने भागून ५० मिलिअँपिअर लिहिलेत आणि प्लेटवरचा भार १२ वॉटच्या आत आहे, हे माझे मला उमगेपर्यंत शांतपणे थांबलात. ज्ञान असूनही समोरच्याला लहान न करणारी माणसे या शहरात आहेत, याचा मला किती आधार वाटला, ते शब्दांत मांडणे अवघड आहे.

तो कागद मी कॅबिनेटच्या आत चिकटवला आहे. 'अर्थिंगशिवाय लावू नये' ही खालची ओळ आपल्याच अक्षरात आहे. जुन्या अमेरिकी अॅम्प्लिफायरांच्या दोन पिनांच्या, अर्थिंग नसलेल्या प्लगविषयी आपण जे सांगितलेत, त्यामुळे तिचे मोल मला कळते.

आपण केवळ तांब्याच्या तारेचे पैसे घेतलेत. मजुरी घ्यावी, ही विनंती पुन्हा करतो. शिवाय माझ्या ओळखीच्या दोन मुलांना वाइंडिंग शिकायचे आहे. आपली हरकत नसेल तर येत्या रविवारी त्यांना घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
सिडकोतील गिटारवाला