गढूळ पाण्यात लांब लेन्स कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाण्याखालच्या छायाचित्रणावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नवख्यांना त्याचा उपयोग होईल, पण त्यातला एक सल्ला कोकणात डायव्हिंग करणाऱ्यांना महागात पडेल. ‘मॅक्रो घ्यायची तर १०० किंवा १०५ मिलिमीटरचीच घ्या, जितकी लांब तितकी बरी,’ असे मॅक्रो, म्हणजे लहानसे जीव अगदी जवळून टिपायच्या लेन्सबद्दल त्यात म्हटले आहे. अंदमान-लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात ते चालून जाते. मालवण-तारकर्लीला हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशी पाच-सहा मीटरवरचे दिसले तरी माणसे खूश असतात आणि एरवी दोन-तीन मीटरवर भागवावे लागते. अशा पाण्यात लेन्स मोठे किती दाखवते हा प्रश्न नंतरचा. काच आणि प्राणी यांच्यामध्ये पाणी किती राहते, हे आधी पाहावे.

१:१ म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटते. ६० मिमीची मॅक्रो असो की १०५ची, दोन्ही १:१ देतात. फरक अंतराचा. निकॉनची ६० मिमी एएफ-एस मॅक्रो सेन्सरपासून १८.५ सेंमीवर १:१ला पोचते. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली की काचेपुढे जेमतेम ५ सेंमी उरतात. १०५ मिमी व्हीआरचे तेच अंतर ३१.४ सेंमी आहे, म्हणजे काचेपुढे सुमारे १५ सेंमी. कॅमेरा ज्या जलरोधक पेटीत (हाउसिंगमध्ये) बसवतात, तिच्या पुढच्या सपाट काचेमागून (पोर्टमागून) पाहताना पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपटीवर असल्यासारखी दिसते, त्यामुळे पाण्यात हे अंतर आणखी थोडे वाढते. वर्धन मात्र वाढत नाही. ‘पाण्यात लेन्स आपोआप तेहेतीस टक्के मोठे दाखवते’ असे दुकानात सांगतात. दूरच्या माशाच्या बाबतीत ते खरे, पण १:१ वर अडकलेली लेन्स पाण्यातही १:१च देते.

आता वीतभर लांबीचा मासा पूर्ण चौकटीत बसवायचा आहे असे धरा. एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ६० मिमी असेल तर पाऊण मीटरच्या आसपास थांबून काम होते. १०५ असेल तर सव्वा मीटरहून मागे सरकावे लागते. तीन मीटर दृश्यतेच्या पाण्यात सव्वा मीटरवरचा मासा म्हणजे पडद्याआडचा मासा. रंग मेलेले, कडा बोथट, वर फ्लॅशने उजळलेले गाळाचे कण. त्याच पाण्यात ५ सेंमीवरची समुद्री गोगलगाय लख्ख येते, कारण मध्ये गढूळ व्हायला पाणीच नसते.

म्हणून एपीएस-सी कॅमेरा असलेल्याने आपल्या किनाऱ्यासाठी पहिली लेन्स ६० मिमीच्या आसपासची घ्यावी. फुल-फ्रेमवाल्याला ९० ते १०५ चालेल, कारण मोठ्या सेन्सरवर तिचा कोन जवळपास तेवढाच पडतो. एपीएस-सीहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर-थर्ड्स कॅमेऱ्यांना ऑलिंपसची ६० मिमी फार चांगली आहे. तिच्यात १:१ला जेमतेम १७ मिमी रुंदीची चौकट भरते. पण बोटभर नव्हे तर हातभर लांबीचे जीवही टिपायचे असतील तर पॅनासॉनिकची ४५ किंवा ३० मिमी मॅक्रो गढूळ पाण्यात जास्त कामाची. एवढ्या जवळ जाण्याचे तोटेही आहेत. पोर्टची सावली प्राण्यावर पडते, फ्लॅशला आत शिरायला जागा राहत नाही आणि बिळातून डोके काढून बसलेला ब्लेनी मासा आत पळतो. गोगलगाय पळत नाही, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करावी.

लेन्स घेण्याआधी पोर्ट पाहा. मॅक्रोला सपाट पोर्टच हवा आणि त्याची काच लेन्सच्या तोंडाशी जितकी लगटून असेल तितके बरे. पोर्ट दोन-तीन सेंमी जास्त लांब निघाला तर ६० मिमीच्या पाच सेंमीतले अर्धे अंतर पोर्टच्या आतच संपते आणि १:१ला पोचेपर्यंत काच खडकाला टेकायची वेळ येते. जुन्या काही मॅक्रो लेन्स जवळ फोकस करताना पुढे सरकतात. निकॉनची जुनी ६० मिमी डी त्यांपैकी एक. तिच्यासाठी पोर्ट त्या पूर्ण लांबीचाच घ्यावा लागतो. आतल्या आत फोकस करणाऱ्या लेन्समध्ये ही कटकट नाही.

१:१ने पोट भरत नाही त्यांच्यासाठी पोर्टवर बाहेरून चढवायची वेट लेन्स असते, बहुधा ६७ मिमी आट्यांची. इथे लोक हमखास फसतात. जमिनीवर वापरायची साधी क्लोज-अप काच पाण्यात नेली तर तिची शक्ती जवळपास एकतृतीयांश उरते, कारण काच आणि पाणी यांच्या अपवर्तनांकात फारसा फरक नाही. पाण्यासाठी केलेल्या वेट लेन्समध्ये भिंगांच्या मध्ये हवा कोंडलेली असते, म्हणून ती पाण्यातही काम करते. तिच्यावर लिहिलेला +५ किंवा +१० हा आकडा हवेतला आहे की पाण्यातला, हे घेताना विचारून घ्या. पाण्यात खरोखर +१० शक्ती असेल तर दहा-बारा सेंमीपलीकडचे काहीच फोकस होणार नाही, म्हणून ती बिजागरीच्या होल्डरवर बसवावी आणि लागेल तेव्हाच खाली पाडावी. पाण्यात उतरल्यावर वेट लेन्स आणि पोर्ट यांच्यामध्ये बुडबुडा अडकतो. होल्डर एकदा उघडून, बोट फिरवून तो काढला नाही तर अख्ख्या डाइव्हचे फोटो एका कोपऱ्यात धूसर येतात आणि दोष लेन्सला दिला जातो.

कॅमेऱ्याच्या मांडणीबद्दल लेखात फक्त ‘छिद्र लहान ठेवा’ एवढेच आहे. किती लहान? (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान.) फुल-फ्रेमवर १:१ला एफ-१६ ठेवले तरी फोकसची खोली दोन मिलिमीटरच्या घरात असते, एफ-८ला ती एक मिलिमीटरवर येते. एफ-२२च्या पुढे गेले की विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते, कारण १:१ला खरे छिद्र आकड्याच्या दुप्पट लहान झालेले असते. एफ-१६ ठेवलेत तरी प्रकाशाच्या हिशेबाने ते एफ-३२ असते. सुरुवात एफ-१६, १/२०० सेकंद, आयएसओ २००, अशी करावी. एपीएस-सीवर एफ-११ ते १६ पुरते. शटर फ्लॅशच्या सिंक वेगाच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाच्या) वर नेऊ नये, नाहीतर चौकटीचा एक भाग काळा येतो.

मॅक्रोला फ्लॅश ही चैन नाही. पाच मीटर खोलीवर लाल रंग जवळपास संपलेला असतो आणि एफ-१६ला सूर्यप्रकाश पुरत नाही. मी तर म्हणेन, बजेट तोकडे असेल तर महागड्या लेन्सआधी फ्लॅश घ्या. ऑलिंपस टीजी-६ किंवा ओएम सिस्टिम टीजी-७सारखा छोटा कॅमेरा मायक्रोस्कोप मोडमध्ये काचेपासून एक सेंमीवर फोकस करतो. त्याला एक बरा फ्लॅश जोडला तर फ्लॅशविना डीएसएलआरपेक्षा चांगले फोटो मिळतात. हे कॅमेरे नुसते १५ मीटरपर्यंत पाणी सोसतात असे लिहिलेले असते, पण दाराच्या रबरावर वाळूचा एक कण बसला की तो आकडा विसरावा. डायव्हिंगला हाउसिंगच वापरा.

फ्लॅशचे तोंड पोर्टच्या काचेच्या रेषेत किंवा बोटभर मागे ठेवावे आणि किंचित बाहेर वळवावे, म्हणजे प्रकाशाची फक्त कड प्राण्यावर पडते आणि मधल्या पाण्यातले कण अंधारात राहतात. सरळ प्राण्यावर रोखला की गाळाचा पाऊस पडलेला दिसतो. एकच फ्लॅश असेल तर तो पोर्टच्या वर धरून खाली झुकवा. बाजूने मारला की अर्धा प्राणी काळा पडतो.

फोकस लॉक करून स्वतःच मिलिमीटर-मिलिमीटर पुढे-मागे व्हायचे, हीच खात्रीची रीत. ऑटोफोकस गाळात पुढे-मागे घुटमळतो आणि तेवढ्यात क्षण जातो. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकसचा पल्ला मर्यादित करणारा खटका) असेल तर तो जवळच्या टप्प्यावर ठेवा. गोगलगाईच्या डोक्यावरची दोन शिंगे धारदार आली पाहिजेत, पाठ मऊ पडली तरी चालते. खडकाजवळ पाण्याचा हिंदकळा माणसाला मागे-पुढे ढकलतो. झोक्यासारखा तो दोन टोकांना क्षणभर थांबतो, तेव्हाच शटर दाबावे. फिन मारू नका. तळातला गाळ एकदा उठला की दहा मिनिटे खाली बसत नाही.

दिवस निवडण्याला लेन्सइतकेच महत्त्व आहे, आणि याबद्दल मालवणचा कुठलाही होडीवाला पुरवणीपेक्षा जास्त सांगेल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, गाळ वर. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाची भरती असते, पाणी त्यातल्या त्यात शांत आणि निवळ. सुट्ट्यांच्या तारखा पाहून बेत आखणारे नेमके उधाणात येऊन पोचतात.

हाउसिंगची ओ-रिंग (झाकणाच्या खाचेतले रबरी कडे) हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महागात पडणारा भाग. मुगाच्या दाण्याएवढे ग्रीस बोटावर घेऊन रिंग नुसती चकाकेल इतकेच लावा. पाणी अडवते ती रिंग, ग्रीस नव्हे. जास्त ग्रीस म्हणजे वाळू आणि केसांना आमंत्रण. ग्रीस हाउसिंगच्या कंपनीचेच घ्यावे, कारण सिलिकॉनच्या रिंगला भलते ग्रीस लागले तर ती फुगते आणि खाचेत बसत नाही. पहिल्या डाइव्हला हाउसिंग रिकामे, आत कोरडा टिश्यू घालून न्यावे. टिश्यू कोरडा वर आला तरच दुसऱ्या खेपेला कॅमेरा आत. कोकणात आणखी एक त्रास आहे. होडीवरच्या दमट हवेत हाउसिंग बंद केले तर ती वाफ आत कोंडते आणि पाण्यात गेल्यावर पोर्टच्या काचेवर धुके धरते. एसी खोलीत रात्रीच बंद करून, आत सिलिका जेलची पुडी ठेवून निघावे आणि होडीवर उघडू नये. परत आल्यावर अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून प्रत्येक बटण दाबा, म्हणजे बटणाच्या दांड्यात मिठाचे खडे बसत नाहीत.

पर्यटकांसाठीच्या एका दिवसाच्या डाइव्हवर यातले काहीही नेऊ नये. तिथे प्रशिक्षक माणसाला धरून असतो. मॅक्रोला तर एका जागी तरंगत राहता आले पाहिजे, श्वास घेतला की वर आणि सोडला की खाली जाणारे शरीर ताब्यात हवे. प्रमाणपत्राचा कोर्स आणि वीस-पंचवीस डाइव्ह आधी, कॅमेरा नंतर. हात टेकवायला म्हणून लोक प्रवाळ धरतात. प्रवाळ काय किंवा समुद्रघोडा काय, दोन्हींना २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

जाता जाता आपल्याकडे एक विनंती. चांगल्या चौकटीसाठी गोगलगाय उचलून मोकळ्या वाळूवर ठेवायची वाईट खोड पसरली आहे, आणि असे फोटो स्पर्धांत आणि छापूनही येतात. डोरिड गटातली न्यूडिब्रँक (बिनकवचाची समुद्री गोगलगाय) निर्धास्त असली की डोक्यावरची शिंगे ताठ आणि पाठीच्या मागच्या टोकाशी कल्ल्यांचा तुरा फुलासारखा उमललेला असतो. बोट लागले की तो तुरा पाठीतल्या खळग्यात ओढून घेते आणि बराच वेळ बाहेर काढत नाही. वाचकांनी पाठवलेल्या छायाचित्रात प्राणी उघड्या वाळूवर असेल आणि पाठीवर तुऱ्याच्या जागी नुसते भोक दिसत असेल, तर छापण्याआधी पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: ती तिथे चालत आली होती का?

आपला,
सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचा एक डायव्हर वाचक