आईच्या लेन्सबद्दल

लंडन, रविवार

ती. दादास,
सा. नमस्कार.

फोनवर आई शेजारीच असते, म्हणून लिहून पाठवतेय. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा तू पाठवलेला खर्चाचा कागद दोनदा वाचला. एका डोळ्याचे, एकाच अंतराचं स्वच्छ दाखवणाऱ्या साध्या मोनोफोकल लेन्सचे 42 हजार, टोरिक 65 हजार, ट्रायफोकल 1 लाख 15 हजार. खाली तुझी ओळ, 'आईच्या डोळ्यांसाठी पैशाकडे बघायचं नाही.' मीही बघत नाहीये, दादा. तरी मला वाटतं, आईला मोनोफोकलच बसवावी.

मागच्या दिवाळीत तलावपाळीवरून परतताना तिने माझा दंड घट्ट धरला होता. म्हणाली, 'दिव्यांना पिसारे फुटलेत गं.' फुटपाथवरून उतरताना आधी चप्पल पुढे सरकवून पायरी चाचपत होती. तिला सुटका हवी आहे ती यातून. चष्म्याचं तिला काही नाही, तीस वर्षं तो नाकावर आहेच.

ट्रायफोकल लेन्स आत येणारा उजेड लांब, मधलं आणि जवळ असा वाटून देते. त्यामुळे बहुतेक कामं चष्म्याशिवाय होतात, पण मंद उजेडात जरा फिकं दिसतं आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. डोळ्याचा पडदा धडधाकट असेल तर माणूस त्याला सरावतो. आईच्या रिपोर्टात डाव्या पडद्यावर साखरेमुळे बदल असल्याचं लिहिलंय. अशा डोळ्याला आहे तेवढा उजेड पुरा मिळायला हवा, वाटलेला नको. पिसारे घालवायला जायचं आणि कडी घेऊन यायची, हे मला पटत नाही. पडद्याला सूज आहे का, आधी उपचार लागतील का, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचार.

टोरिक असते बुबुळाच्या असमान गोलाईमुळे येणाऱ्या सिलिंडर नंबरासाठी. आईच्या बुबुळाचा तो जेमतेम अर्धा आहे, साधारण एकच्या पुढे असला तर टोरिकचा विचार करतात. इथे सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्येही सर्रास मोनोफोकलच बसवतात.

मोनोफोकलमध्येही इम्पोर्टेड आणि आपल्याकडची, असे भाव वेगळे असतात. आपल्याकडची म्हणजे दुय्यम, असं मनात आणू नकोस. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाने 1992 मध्ये ऑरोलॅब सुरू केली ती लेन्स गरिबाला परवडावी म्हणूनच, आणि त्यांच्या लेन्स आज कितीतरी देशांत जातात. 'ब्लेडलेस', म्हणजे ब्लेडऐवजी लेझरने छेद देण्याचे वेगळे पैसे सांगितले तर नको म्हण. नेहमीच्या फेकोपेक्षा, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्यापेक्षा, त्याने नजर अधिक चांगली येते, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

मेडिक्लेमवाल्यांकडून एका डोळ्याची मर्यादा लेखी घे. पॅकेजमध्ये तपासण्या, थेंब आणि नंतरच्या व्हिजिट धरल्यात का, तेही बघ. लेन्सच्या डबीवरचं स्टिकर फाइलला लावून घे, त्यावर कंपनी, पॉवर आणि नंबर असतो.

दूरचं स्वच्छ दिसेल अशी पॉवर घेतली तर तांदूळ निवडायला, सुई ओवायला चष्मा लागेल. हे तिला आधीच सांग, नाहीतर पट्टी काढल्यावर ताट जवळ धरेल आणि ऑपरेशन फसलं म्हणून घाबरेल.

पैसे तुझ्या खात्यात टाकलेत. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी येतेय, पहिल्याचे थेंब वहिनी आणि तू वाटून घ्या.

तुझी,
सुमा