बाबा, डावं पेडल उलटं फिरवायचं

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर मागून सारखा कटकट आवाज येत होता. आई म्हणाली, "काही नाही गं, बाबा घरातली व्यायामाची सायकल मारतायत." मग तिने फोटो पाठवला तेव्हा सगळं कळलं. फोनवर एवढं नीट सांगता येणार नाही आणि कागद असला की सायकलवाल्याला दाखवता येईल, म्हणून लिहितेय.

बाबा, नवीन पेडलं बसेपर्यंत सायकलवर बसू नका. उजव्या पेडलचा रबर एका कडेने झिजून उतरता झालाय. डाव्याचा पाऊल अडकवायचा पट्टा तुटलाय आणि त्या जागी तुम्ही सुतळी बांधलीय. उतरत्या पेडलवर पाऊल कलतं, पाऊल कललं की गुडघा वाकडा पडतो, आणि हा तोच गुडघा आहे ज्याचं मिरजेला ऑपरेशन झालं. सुतळी सुटून पाय घसरला तर पेडल फिरून नडगीवर बसेल. आवाज बहुधा पेडलच्या आतल्या छर्र्यांचा आहे. ते एकदा खराब झाले की वरून तेल घालून उपयोग नसतो.

पण म्हणून सायकल भंगारात द्यायची नाही. आई, तू तसं म्हणालीस म्हणून मुद्दाम लिहिते. तिचं चाक, चाक फिरवणारा पट्टा, सीट सगळं ठणठणीत आहे. पावसाळ्यात आमराईतला फेरा बंद पडतो, रस्ते निसरडे होतात, तेव्हा बाबांचा व्यायाम या सायकलवरच टिकतो. नवीन सायकलच्या मानाने पेडलांची जोडी अगदी स्वस्त पडते.

पेडलं घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे माप. पेडलच्या दांडीला जे आटे असतात ते व्यायामाच्या सायकलींत दोन मापांचे येतात, अर्धा इंच आणि नऊ सोळांश इंच. म्हणजे 12.7 आणि साधारण 14.3 मिलिमीटर. नुसतं बघून फरक कळत नाही. जुनं पेडल काढून दुकानात घेऊन जायचं, म्हणजे चूक व्हायला नको. दुसरं, साध्या सायकलची पेडलं घेऊ नका. पट्टेवाली, खालच्या अंगाला जड असलेलीच मागा. त्या वजनामुळे पट्ट्याची बाजू आपोआप वर राहते आणि वाकून पेडल उलटवत बसावं लागत नाही. बाबांना वाकायचं नाहीये, हे दुकानदाराला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उजवं पेडल नेहमीच्या नटासारखं सुटतं, पण डाव्याचे आटे उलटे असतात. तिथे साधे आटे दिले असते तर पाय मारता मारताच पेडल सुटत गेलं असतं. बाबा, तुम्ही सवयीने तिथेही नेहमीच्याच दिशेने जोर लावाल आणि ते सुटायच्या ऐवजी आणखी आवळत जाईल. म्हणून डावं-उजवं मनात न आणता एवढंच धरा: पाना दांडीवर उभा लावायचा आणि त्याचं वरचं टोक सीटच्या बाजूला ओढायचं. दोन्ही पेडलं अशीच सुटतात. बसवताना वरचं टोक हँडलकडे. पाना बहुतेक 15 नंबरचा लागेल, पण पातळ हवा, जाड पाना त्या फटीत शिरत नाही. सोडवताना दुसऱ्या बाजूचं पेडल कुणीतरी घट्ट धरायला हवं, नाहीतर सगळंच गरगर फिरतं.

सहज सुटतील असं मात्र धरून चालू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा ही सायकल खालच्या खोलीतच होती. नंतर आईने ती धुऊनपुसून उन्हात ठेवली, तरी दांडीच्या मुळाशी गंज फोटोतही दिसतोय. तिथे गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. सकाळी जोर लावायचं काम गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या सायकलवाल्याला सांगा. बाबा, पाना तुम्ही ओढायचा नाही. हातोडा तर कुणीच मारायचा नाही.

नवीन पेडलांवर एल आणि आर असं कोरलेलं असतं. एल डावीकडे, आर उजवीकडे. आट्यांना थोडं ग्रीस लावायचं आणि सुरुवातीचे वेढे हातानेच द्यायचे. हाताने सरळ जात नसेल तर काढून पुन्हा लावायचं. तिथे पाना चालवला की क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे जातात आणि मग पेडलच्या पैशात भागत नाही, क्रँकच बदलावा लागतो. शेवटी पान्याने घट्ट आवळून घ्या.

आई, दुकानात पैसे तूच दे, ते मी पाठवतेय. आठवड्याभराने सायकलवाल्याला पुन्हा बोलावून दोन्ही पेडलं आवळून बघायला सांग, नवी पेडलं सुरुवातीला थोडी ढिली पडू शकतात. आणि तूही रोज थोडा वेळ बसत जा. तुझ्यासाठी सीट खाली घ्यायला लागेल, ती बाबा घेऊन देतील.

तुमची,
लेक