ॲपल कप नोव्हेंबरात परत आणा: सिनेटर मारिया कँटवेल यांना खुले पत्र

माननीय सिनेटर मारिया कँटवेल (वॉशिंग्टन राज्य) यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल आपल्याला ढिगाने पत्रं येत असणार. बहुतेकांचा सूर एकच असेल: पैशाने खेळ बाटला, पूर्वीचं काही राहिलं नाही, पोरांना कुणीतरी आवरा. माझं पत्र कृपया त्या गठ्ठ्यात घालू नका. पूर्वीच्या दिवसांचा मला फारसा पुळका नाही. माझी तक्रार वेगळी आहे: आपल्या राज्यातल्या दोन विद्यापीठांचा ॲपल कप हा सामना नोव्हेंबरातून सप्टेंबरात ढकलला गेला, त्याची. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहेच. मराठीत लिहितोय ते पुल्मनला शिकून बेलव्ह्यू-रेडमंडकडे स्थिरावलेल्या आमच्या मंडळींसाठी. शनिवारी किरमिजी टोपी घालून ती टीव्हीसमोर बसतात, हरलं की शिव्या देतात, पण आपल्या सिनेटरला चार ओळी लिहाव्यात हे काही त्यांच्या डोक्यात येत नाही.

पुल्मन पलूसच्या टेकड्यांत वसलंय. (सांगलीकरांनी हसू नये, इथे खरोखर असंच म्हणतात.) चहूकडे गहू आणि मसुराची शेतं, मधोमध वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ. डोंगररांग ओलांडून पलीकडे सिअॅटलला थोरलं, श्रीमंत युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन. दोघांचा पहिला सामना १९०० साली झाला आणि ५-५ असा बरोबरीत सुटला. पुढे त्याला ॲपल कप नाव पडलं आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, मोसमाचा शेवटचा सामना म्हणून तो खेळायची रीत पडली. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची लढत ज्याने पाहिली आहे, त्याला ही ईर्षा समजावून सांगावी लागत नाही. बाकी मोसम पाण्यात गेला तरी चालेल, हा एक सामना हरायचा नाही. १९९२ साली पुल्मनमध्ये बर्फ कोसळत असताना वॉशिंग्टन स्टेटच्या ड्रू ब्लेडसोच्या संघाने हस्कीजना (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संघाला) ४२-२३ असं लोळवलं. त्या सामन्याच्या गोष्टी तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती पोरं रंगवून सांगतात.

मग २०२२ च्या जूनमध्ये यूएससी आणि यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांनी पॅक-१२ ही आमची कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात कोलोरॅडो बिग ट्वेल्व्ह या आणखी एका कॉन्फरन्सकडे गेलं. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात ऑरेगॉन आणि आपलं सिअॅटलचं विद्यापीठ बिग टेनमध्ये, तर ॲरिझोनाची दोन आणि यूटाह बिग ट्वेल्व्हमध्ये. महिन्याभराने स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिक काठची विद्यापीठं ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये! भूगोलाच्या शिक्षकांनी काय करायचं? १९१५ पासून चालत आलेल्या घरात उरले दोघे: वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगॉन स्टेट. या दोघांनी कोलफॅक्सच्या कोर्टापासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून निदान घराच्या चाव्या, म्हणजे कॉन्फरन्सचा कारभार, तरी मिळवल्या, आणि २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना जोडीला घेऊन नवा डाव मांडायचं ठरवलं.

ॲपल कप आता सप्टेंबरात खेळला जातो. मोसम तापायच्या आधी, उकाड्यात. २०२४ चा सामना सिअॅटलमध्ये एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) मैदानावर झाला. कूग्सनी (वॉशिंग्टन स्टेटच्या संघाने) तो २४-१९ असा जिंकला, आम्ही नाचलोही, पण पुढे अख्खा मोसम पडलेला असताना ती जीत लोणच्यासारखी मुरत नाही. त्याच महिन्यात हस्कीज देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीत रटगर्सशी खेळायला गेले आणि २१-१८ असे हरून परतले. हा सामना शुक्रवारी रात्री ठेवला होता, का तर टीव्हीला शुक्रवार हवा. शुक्रवारची रात्र या देशात हायस्कूलच्या पोरांच्या सामन्यांची, असं लहानपणापासून सगळे ऐकत आलेत.

रटगर्सचं नाव आलंच आहे, तर थोडं इतिहासाबद्दल. कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना म्हणून ज्याची नोंद आहे तो त्यांनीच ६ नोव्हेंबर १८६९ रोजी प्रिन्स्टनविरुद्ध खेळला आणि ६-४ ने जिंकला. तेव्हापासूनच्या काळाला सोनेरी मुलामा देणाऱ्यांनी जरा पानं उलटून पाहावीत. त्या काळात मैदानावर इतकी पोरं मरत की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खडसावावं लागलं. कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा जन्म त्या गदारोळातला. दक्षिणेतल्या एसईसी कॉन्फरन्समध्ये पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू मैदानात उतरायला १९६७ साल उजाडलं. केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन तो. आणि पैशाचं म्हणाल तर पैसा कायमच होता, खेळाडूला तेवढा मिळत नव्हता. यूएससीच्या रेजी बुशने कॉलेजात असताना पैसे आणि भेटी घेतल्या म्हणून २०१० मध्ये त्याला २००५ ची हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) परत करावी लागली. २०२४ मध्ये तीच ट्रॉफी त्याला पुन्हा दिली, कारण तोवर तेच सगळं राजरोस झालं होतं. दुसरीकडे टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर या प्रशिक्षकाला काढून टाकताना, म्हणजे काम न करण्याबद्दल, साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं अंगावर घेतलं. त्या वेळी परंपरा कुठे गेली होती?

म्हणून २०२१ च्या ऑल्स्टन खटल्यात (खेळाडूंच्या शिक्षणाशी निगडित लाभांवर मर्यादा घालण्याबद्दलच्या) सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात ९-० असा कौल दिला तेव्हा मला आनंदच झाला. त्याच उन्हाळ्यात खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. मिळू देत. ट्रान्सफर पोर्टलमुळे (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) पोरं दरवर्षी संघ बदलतात अशी ओरड असते. आमच्या पुल्मनला ती झळ चांगलीच बसली आहे: क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, त्याच्या जागी आलेला जॉन मटीअर एका मोसमात ओक्लाहोमाला गेला, त्याच महिन्यात प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला गेले. वाईट वाटलं का? वाटलं. पण प्रशिक्षकाने करार मोडून जायचं आणि विशीतल्या पोराने मात्र निष्ठा पाळायची, हा न्याय माझ्या गळी उतरत नाही. शिवाय पोरांच्या आधी विद्यापीठंच घर सोडून गेली होती.

मूळ दुखणं १९८४ चं आहे. तोवर टीव्हीवर कोण दिसणार हे एनसीएए ठरवायची. एका संघाला दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा दिसता यायचं. ओक्लाहोमा विद्यापीठाने दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७-२ असा निकाल देऊन ती व्यवस्था मोडीत काढली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडोचे नावाजलेले फुटबॉलपटू होते; खेळ आतून माहीत असलेला माणूस अल्पमतात पडला, हा एक योगायोगच. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरही असेल. पण प्रक्षेपणाचे हक्क सुटे विकायला निघाले की मोठ्या बाजारपेठेचं विद्यापीठ लहान शेजाऱ्याला किती दिवस सांभाळणार? २०२२ मध्ये बिग टेनने सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला, आणि एक वर्षात जुनी पॅक-१२ संपली. ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या कॉलेज गेमडे कार्यक्रमात २००३ पासून, गाव कुठलंही असो, मागे वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा फडकताना दिसतो. माजी विद्यार्थी तो हातोहात पोचवतात. त्याच टीव्हीच्या बाजारात पुल्मनला गिऱ्हाईक मिळालं नाही.

२०२५ मध्ये आपण कोरी बुकर आणि रिचर्ड ब्लुमेंथॉल यांच्यासह मांडलेल्या विधेयकात या दुखण्यावर बोट ठेवलं आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. १९६१ च्या क्रीडा प्रसारण कायद्याने व्यावसायिक लीगना हक्क एकत्र विकण्याची सवलत दिली. ती कॉलेजांनाही द्यावी, असं आपण म्हणता. माझा आक्षेप एवढाच की नुसती मुभा देऊन भागणार नाही. एसईसी आणि बिग टेन यांचा या कल्पनेला विरोध आहे आणि ज्याच्या ताटात जास्त पडतं तो पंगतीला कशाला येईल? मुभेबरोबर अट हवी. फुटबॉल हवं तर देशभर खेळा, ते आठवड्यातून एकदा असतं. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, पोहणं, ट्रॅक यांचे सामने जवळच्या विद्यापीठांशीच झाले पाहिजेत. या मुला-मुलींना मंगळवारी रात्री विमानातून उतरून बुधवारी सकाळी प्रयोगशाळेत हजर व्हायचं असतं. फुटबॉलचा हिशोब बसवताना पहिली कुऱ्हाडही यांच्यावरच पडते: वॉशिंग्टन स्टेटने २०२५ मध्ये ॲथलेटिक्समधले उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले.

दुसरी गोष्ट राज्यापुरती आहे, पण आपल्या शब्दाला ऑलिंपियात (राज्याच्या राजधानीत) वजन आहे. यूसीएलए निघून गेल्यावर कॅलिफोर्नियात रीजंट्सनी (दोघांच्या एकाच नियामक मंडळाने) त्यांना तीन वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. आपल्या राज्यात दोन्ही विद्यापीठं सरकारी, दोघांची मंडळं वेगळी, आणि एकाच्या निर्णयाने दुसऱ्याचं जे नुकसान झालं त्याचा जाब विचारायला वर कुणी नाही. करदाता मात्र एकच आहे. यापुढे एका सरकारी विद्यापीठाने कॉन्फरन्स बदलायची तर आधी जाहीर सुनावणी व्हावी आणि दुसऱ्याच्या तोट्याचा हिशोब मांडला जावा, एवढा कायदा तरी करता येईल.

आणि ॲपल कपचा सध्याचा करार २०२८ पर्यंत आहे. नवा करताना तारीख नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा असावी आणि सामना एकाआड एक वर्षं पुल्मनमध्येच व्हावा, असं आपण दोन्ही विद्यापीठांच्या अध्यक्षांना लेखी कळवावं ही विनंती. बिग टेनच्या वेळापत्रकात बसत नाही असं उत्तर येईल. तेव्हा ते वेळापत्रक कोणत्या वाहिनीने आखलं, हे त्यांना आपल्या सिनेट समितीसमोर बोलावून विचारावं.

आपला,
पुल्मनचा माजी विद्यार्थी, सध्या किंग काउंटीतला मतदार